लाल ओळी दिसल्या की हात थिजतात? आधी हे करा

कोड चालवला की एररचा ढीग येतो आणि "हे आपलं काम नव्हे" असं वाटतं, हे नवख्यांपैकी बहुतेकांचं होतं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली एरर शेवटच्या ओळीपासून वाचायला लागा. तिथे आधी प्रकार, मग कारण लिहिलेलं असतं. फाइल आणि ओळ क्रमांक त्याच्या वर. 'नेमएरर' आली तर नावाचं स्पेलिंग तपासा, किंवा ते व्हेरिएबल वापरण्याआधी बनवलंय का ते बघा. 'सिंटॅक्सएरर' मात्र जरा चकवते: कधीकधी दाखवलेली ओळ बरोबर असते आणि वरच्याच ओळीतला कंस उघडा राहिलेला असतो.

भीती मोडायला कोड मुद्दाम मोडा. चालता प्रोग्राम गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट करा, म्हणजे जतन करा, एक कंस काढा, चालवा, संदेश वाचा, परत लावा. आठवडाभर रोज ५ वेळा.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- व्हिडिओमागून व्हिडिओ बघणं. एक बघा, बंद करा, तेच २० ओळींत स्वतः लिहा. अडाल, अडायलाच हवं.
- लाजेपोटी न विचारणं. ३० मिनिटं झगडा, मग विचारा. काय हवं होतं, काय झालं आणि एररचा पूर्ण मजकूर द्या. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो कृपया नको!
- इंग्रजी कच्चं म्हणून थांबणं. पायथॉनचे राखीव शब्द (भाषेने स्वतःसाठी ठेवलेले, उदा. if) जेमतेम ३५ आहेत. कॉमेंट (कोडमधल्या समजावणाऱ्या नोंदी) खुशाल मराठीत लिहा.

फ्रेमवर्कचं (प्रोग्रामच्या तयार सांगाड्यांचं) नंतर बघू.