एनसीची पावती आणि तुटलेला दात

“बाजार मागताना (दुकानोदुकानी पैसे मागताना) चार-पाच जणांनी मारलं, पोलिसांनी एनसी घेतली, पुढे काही झालं नाही,” अशी पत्रं तृतीयपंथी वाचकांकडून नेहमी येतात. ऑगस्ट 2024 मधल्या मारहाणीबद्दलच्या तुमच्या पत्रात मात्र अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ आहे: पुढचा दात तुटला, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काढला.

ताई, ही ओळ त्याच दिवशी ठाण्यात सांगायची होती!

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्हा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करूच शकत नाहीत. ‘तपास चालू आहे’ ऐकत तुम्ही अकरा महिने घालवलेत. चालू काहीच नव्हतं. तृतीयपंथीयांच्या 2019 च्या कायद्याचं कलम 18 जरूर लावायला सांगा. बाजारात जायची धास्ती, बुडालेली कमाई हे सगळं त्यात बसतं, तेही अर्जात लिहा. पण त्याची शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं, म्हणून एकटं तेही अदखलपात्रच.

दात मोडणं ही मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे जबर दुखापत. शिक्षा कलम 117(2) खाली सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. असं एक कलम लागलं की सगळं प्रकरणच दखलपात्र धरतात. शिवाय एनसीतल्या साध्या दुखापतीसाठी कोर्टात जायची मुदत एकच वर्ष, म्हणजे ऑगस्ट 2025 पर्यंतच. जबर दुखापतीला तशी मुदतच नाही.

तुमच्या गुरूंकडे पडलेला दाताचा केसपेपर आणा आणि त्याची प्रत जोडून ठाण्यात अर्ज द्या, पोच घ्या. नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 175(3) खाली प्रतिज्ञापत्रासह कोर्टात. तिथे किती तारखा पडतील, ते विचारू नका.

आणि ‘चार-पाच’ म्हणजे नक्की किती? पाच किंवा जास्त जणांनी मिळून लिंगासारख्या कारणावरून मारलं असेल तर कलम 117(4) मांडता येईल. ‘लिंग’ या शब्दात लिंगओळख येते, असं सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या 2014 च्या नाल्सा निकालात संविधानापुरतं म्हटलंय. फौजदारी कोर्ट तेच धरेल याची हमी मी देत नाही. ठाण्यात तुमच्याकडे मागितलेलं तृतीयपंथी असल्याचं ओळखपत्र गुन्हा नोंदवायला लागू नये, असं माझं मत.

दात आधीपासूनच हलत होता, असं समोरचा वकील म्हणणारच. डॉक्टरांना तुमचा दात आठवतोय तोवर त्यांच्याकडून लेखी दाखला घ्या.