स्पीड टेस्ट चांगली, तरी साइट फिरत राहते. दोष नेटचा की साइटचा?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की स्पीड टेस्ट ३० एमबीपीएस दाखवते, तरी अर्जाचं पान उघडत नाही. नेटवाला साइटकडे बोट दाखवतो, साइटवाले नेटकडे. भाऊ, दारव्ह्याकडच्या एका गावात माझंही ऑनलाइन सेवा केंद्र आहे आणि या टोलवाटोलवीत मीही बरेच महिने घालवले.

स्पीड टेस्टचा नाद सोडा. ती बहुतेक वेळा जवळच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोजते, तोही तुम्ही बटण दाबलं तेवढ्या अर्ध्या मिनिटाचा.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत तुमच्या राउटरला पिंग लावा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१, नसेल तर आयपीकॉन्फिग लिहिलं की डिफॉल्ट गेटवेपुढे दिसतो), दुसरीत ८.८.८.८ ला (हा गूगलचा बाहेरचा सर्व्हर). शेवटी ‘-टी’ जोडा, म्हणजे चालूच राहील. हे सगळं अर्थातच इंग्रजीत टाइप करायचं. राउटर वायरवर १-२ मिलिसेकंदांत उत्तर देतो. तिथेच आकडे उड्या मारत असतील तर भानगड तुमच्या खोलीतच आहे, बहुतेक वायफायची. राउटर ठीक आणि दुसरीकडे ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, तर दोष राउटरच्या पुढच्या लाइनचा.

पण इथे मी फसलो होतो. रोज ११ ते १ बाहेरचं पिंग ९०० वर जायचं, राउटर मात्र १ वर. तक्रार केली, लाइनमन आला, कनेक्टर पुसून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी वैतागून राउटरच्या वायरी एकेक करून उपटल्या. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची (रेकॉर्डिंगच्या डब्याची) वायर काढली आणि ९०० चे ३८ झाले! भाच्याने रेकॉर्डिंग क्लाउडवर टाकून ठेवलं होतं, हालचाल दिसली की अपलोड सुरू. ११ वाजता गिऱ्हाईकांची गर्दी, म्हणजे हालचालच हालचाल. अपलोड तुंबलं की बाकी सगळं मागे रांगेत उभं राहतं, डाउनलोड कितीही मोठं असो. लाइनमनला मी उगाच शिव्या घातल्या होत्या.

दोन्ही खिडक्या स्वच्छ असूनही पान फिरत असेल, तर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्कमध्ये जा आणि पान पुन्हा लोड करा. सगळ्यात लांब पट्टीवर क्लिक करून टायमिंग बघा. ‘वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स’ २० सेकंद आणि तुमचं पिंग ४० मिलिसेकंद असेल, तर तो वेळ तुमच्या वायरीत गेलेला नाही. ५०४ हा एरर आला तर साइटच्याच आतल्या सर्व्हरने वेळेत उत्तर दिलेलं नाही. अशा वेळी मी अर्ज रात्री १० नंतर भरतो, दुसरा इलाज नाही. साइटलाच पिंग करून मात्र काही ठरवू नका. कितीतरी सरकारी साइट पिंगला उत्तरच देत नाहीत, चालू असल्या तरी.

एक वही ठेवा: वेळ, दोन्ही आकडे, आणि लाइट होती की इन्व्हर्टर. मला चौथ्या दिवशी दिसलं की आता खोळंबा फक्त लाइट गेल्यावरच होतो. वहीच्या पानाचा आणि दोन्ही खिडक्यांचा फोटो तक्रारीला जोडला. लाइनमन दुसऱ्याच दिवशी आला, आणि या खेपेला कनेक्टर न पुसता थेट चौकातल्या नेटच्या पेटीकडे गेला. तिच्यातली बॅटरी मेलेली होती.