वापरात असलेले जुने ल्यूथरन चर्च वारसा म्हणून जपता येते का?

भारतात ल्यूथरन पंथाची, म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाची, ऐतिहासिक चर्च आहेत का, आणि जिथे आजही दर रविवारी उपासना होते अशी इमारत वारसा म्हणून जपणे शक्य आहे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. दुसऱ्याचे थोडे लांबेल, कारण माझ्या मते अशा इमारतीला दुर्लक्षाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धोका मंडळीच्या, म्हणजे तिथे उपासनेला जमणाऱ्या भाविकांच्या, हौशी डागडुजीचा असतो.

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर थरंगंबाडी, म्हणजे डॅनिशांचे ट्रांकेबार, हे गाव आहे. 1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डॅनिशांनी तिथे वखार आणि किल्ला उभारला. पुढे तंजावरला भोसल्यांची सत्ता आल्यावर या जागेचा खंड मराठी दरबाराकडे जाऊ लागला. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले बार्थोलोमेयस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिक प्ल्युत्शाऊ हे दोन जर्मन तरुण 1706 साली तिथे उतरले. त्सीगेनबाल्गने तमिळ शिकून बायबलमधल्या नव्या कराराचे भाषांतर केले आणि ते तिथेच छापले. त्याने बांधवलेले न्यू जेरुसलेम चर्च 1718 साली पूर्ण झाले, आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो वारला. त्याला याच चर्चमध्ये पुरले आहे. दर्शनी भागावर राजाची मुकुटांकित मुद्रा आजही दिसते, आणि तमिळ ल्यूथरन मंडळी अजूनही तिथे प्रार्थनेला जमते.

हे गाव टिकले त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्याच्या पडत्या काळाला द्यावे लागते. 1845 साली डॅनिशांनी ते इंग्रजांना विकले, व्यापार इतर बंदरांकडे वळला, आणि जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा गावात फारसा उरला नाही. खरे संकट समुद्राचे आहे. किनारा झिजत आला आहे; किल्ल्याजवळचे मासिलामणिनाथाचे चौदाव्या शतकातले मंदिर लाटांनी बरेचसे गिळले. डिसेंबर 2004 मध्ये सुनामीने गावात मोठा अनर्थ केला, चर्चचीही हानी झाली आणि दुरुस्तीनंतर 2006 मध्ये ते पुन्हा खुले झाले.

आता डागडुजीविषयी. अशा किनाऱ्यावरच्या जुन्या इमारती विटा आणि चुन्याच्या असतात. विटा जमिनीतली ओल आणि तिच्याबरोबर क्षार वर ओढून घेतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ओल त्यातून बाहेर पडते, क्षार त्या गिलाव्यातच स्फटिकरूपाने साचतात, काही वर्षांनी गिलावा भुसभुशीत होऊन गळतो आणि नवा करावा लागतो. गळणे हेच त्याचे काम आहे; तो स्वतः झिजून वीट वाचवतो. पण एखाद्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने, देणग्या गोळा करून, त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि वर ऑइलपेंट चढवला, की चार वर्षे भिंत तुकतुकीत दिसते आणि आत कोंडलेले क्षार विटेचाच भुगा करतात. नंतर सिमेंट काढू गेले तर त्याच्याबरोबर विटेचे कपचेही निघतात. आपल्याकडच्या वाड्यांचे आणि देवळांचेही असेच चालले आहे, त्यामुळे हा दोष एका धर्माच्या माथी मारण्याचे कारण नाही.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. पंखे, दिवे, ध्वनिक्षेपक, अपंगांसाठी उतार या गोष्टी वापरणाऱ्यांना नाकारणे मला मान्य नाही, कारण उपासना थांबलेली इमारत कुलूपबंद होते आणि छपरातली पहिली गळती कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र जे बसवायचे ते पुढे भिंतीला इजा न करता काढता आले पाहिजे, आणि भिंत, छप्पर व फरशी यांना हात लावण्यापूर्वी छायाचित्रे, मोजमापे आणि जुन्या चुन्याच्या नमुन्याची तपासणी झाली पाहिजे. चुना मुरवायला आणि गिलावा ओला ठेवायला वेळ लागतो. उत्सवाची तारीख आधी ठरवून काम उरकायला घेतले की सिमेंटचाच मोह होतो.

मराठी वाचकाने तंजावरचे श्वार्ट्झचे चर्चही अवश्य पाहावे. ते 1779 च्या सुमाराचे, शिवगंगा बागेजवळ आहे. ख्रिस्तियान फ्रीडरिक श्वार्ट्झ हा ट्रांकेबारच्याच ल्यूथरन मिशनमधून आलेला. आज ते चर्च दक्षिण भारतातील संयुक्त मंडळीकडे (चर्च ऑफ साउथ इंडिया) असल्याने काटेकोरपणे ल्यूथरन म्हणता येणार नाही. तंजावरच्या भोसले घराण्यात दत्तक आलेल्या लहान सरफोजीराजांचे शिक्षण आणि वारसाहक्क यांसाठी श्वार्ट्झ झटला होता. तो 1798 मध्ये वारल्यावर राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारकशिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरच्या पाद्र्याचा हात धरून उभा असलेला भोसले कुळातला राजा त्यात कोरलेला आहे. राजा स्वतः हिंदूच राहिला. हे शिल्प संग्रहालयात हलवावे असा विचार कोणी मांडला, तर मी त्याला विरोध करीन, कारण ते ज्या भिंतीसाठी घडवले तिच्यापासून तोडल्यावर ते केवळ फ्लॅक्समनचे एक काम म्हणून उरेल.