उत्पन्नाचा दाखला नंतर, आधी अर्ज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

थोरला भाऊ हिंडलग्याच्या तुरुंगात आहे, आणि वडिलांच्या नावे खानापूर तालुक्यात थोडी जमीन असल्यामुळे मोफत वकील मिळणार नाही, असे तू स्वतःच ठरवून शेत गहाण टाकायला निघालास. तुझे पत्र वाचून जीव कळवळला आणि रागही आला. आपली अपात्रता आपण ठरवायची नसते. ती कायद्याला ठरवू दे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चे कलम १२ वाच. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. तुझा भाऊ कोठडीत आहे, एवढे पुरेसे आहे! उत्पन्नाचा प्रश्न इतरांसाठी आहे, आणि तोही वार्षिक उत्पन्नाचा, उताऱ्यावरच्या क्षेत्राचा नव्हे. कलम १३ प्रमाणे, अविश्वासाचे कारण नसेल तर, उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्रही पुरेसे मानता येते. उत्पन्न मात्र खरे लिहायचे, कमीही नाही आणि लाजेने जास्तही नाही.

एका आईने मंगळसूत्र गहाण ठेवून वकिलाची फी भरली होती. पतसंस्थेची घडी पडून विरलेली पावती तिने मला दाखवली, तेव्हा तिच्या मुलाचा खटला संपून गेला होता. ही पावती मला आजही सलते. म्हणूनच मी कोर्टाच्या आवारात बसून लोकांचे अर्ज लिहून देत आलो. मी पक्षकारांना फुकटाची सवय लावतो, असे वकिलांच्या बार रूममध्ये ऐकवले गेले. मी कोणाच्या पोटावर पाय दिला नाही. ज्याचा हक्क होता त्याला तो मागायला लावला. सुक दास खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आरोपीने मागितला नाही म्हणून मोफत वकिलाचा हक्क संपत नाही. मग तू आधीच माघार का घेतोस?

सोमवारी बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; मोफत वकील तेथूनच मिळतो. जाता येत नसेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन कर. एफआयआरची प्रत आणि केस नंबर सोबत ठेव. अर्ज कन्नडमध्ये असेल, तर प्रत्येक ओळ कोणाकडून तरी समजून घेतल्याशिवाय सही करू नकोस. शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नकोस. शेताच्या गहाणाचे कागद तोवर कोणाच्या हाती देऊ नकोस.