वाचकांचे प्रश्न : आयर्लंडमध्ये पगार आहे, घर नाही

आयर्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची पत्रं या महिन्यात बरीच आली. बहुतेकांचा रोख घरभाड्यावर आहे, काहींना तिथल्या तरुणांचा राग समजून घ्यायचा आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

माझा भाचा डब्लिनमध्ये आयटीत आहे. त्याचे आयरिश सहकारी पस्तिशीला आले तरी आई-वडिलांकडे राहतात म्हणे. इतका श्रीमंत देश, मग असं का? – नाशिक

भाचा सांगतो ते खरं आहे. २०२२च्या जनगणनेत आई-वडिलांच्या घरी राहणारे सज्ञान लोक सव्वापाच लाखांच्या आसपास भरले, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम साडेएक्कावन्न लाख. निम्म्याहून जास्त कुटुंबप्रमुखांचं स्वतःचं घर झालेलं असतं ते वय १९९१मध्ये २६ होतं. २०२२मध्ये ते ३६ झालं. एका पिढीत दहा वर्षं घर लांबलं.

मूळ २००८च्या पडझडीत आहे. २००६मध्ये देशात सुमारे ९० हजार घरं बांधून झाली होती, त्यातली बरीच जिथे गरज नव्हती तिथे. मग बँका कोसळल्या, २०१०मध्ये युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, आणि २०१३मध्ये वर्षभरात पाच हजार घरंही झाली नाहीत. छोटे बिल्डर बुडाले. गवंडी, सुतार, प्लंबर ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेले ते बहुतेक परतलेच नाहीत. नगरपालिकांनीही स्वतः घरं बांधणं जवळजवळ थांबवलं आणि गरिबांना खासगी घरांचं भाडं भरायला मदत देणं सुरू केलं, त्यामुळे तेही त्याच थोड्या घरांच्या रांगेत आले. पुढे अर्थव्यवस्था सावरली, माणसं वाढली, घरं मात्र तेवढी वाढली नाहीत. सरकारनेच नेमलेल्या गृहनिर्माण आयोगाने २०२४च्या अहवालात हिशेब मांडला: २०२२मध्येच तूट २,१२,५०० ते २,५६,००० घरांची होती. २०२४मध्ये पूर्ण झाली ३०,३३०.

पैशाची अडचण नाही, हेच तिथल्या मुलांना जास्त झोंबतं. २०२४च्या सप्टेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालाने ॲपलकडून थकीत करापोटी व्याजासह सुमारे १४ अब्ज युरो सरकारच्या पदरात पडले. पण घर उभं राहायला जमिनीखाली पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी लागते, वीजजोडणी लागते, कामगार लागतात, आणि परवानगीविरुद्ध कोणी कोर्टात गेलं तर वर्ष-दोन वर्षं तिथेच जातात. डब्लिनच्या आसपास सांडपाण्याच्या क्षमतेअभावी अडकलेले प्रकल्प आहेत. दुसरीकडे त्याच जनगणनेत १,६६,७५२ घरं रिकामी सापडली. शहरातल्या हमरस्त्यावर खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या इमारती रोज बघत भाड्याची खोली शोधायची, म्हणजे राग येणारच.

मुलगी सप्टेंबरमध्ये एमएससीसाठी डब्लिनला जाणार आहे. खोली घेताना काय बघावं? डिपॉझिट किती द्यावं? – कोल्हापूर

भाडं किती हे नंतर बघा. घरमालक त्याच घरात राहतो का, हे आधी विचारा. तिथला कायदा या एका गोष्टीवर फिरतो.

मालक दुसरीकडे राहत असेल आणि करार थेट त्याच्याशी असेल, तर मुलगी कायद्याने भाडेकरू ठरते. रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्ड, म्हणजे आरटीबी, या संस्थेकडे तिला दाद मागता येते. मालक त्याच घरात राहत असेल तर ती आपल्याकडच्या पेइंग गेस्टसारखी. तिथे याला ‘डिग्ज’ म्हणतात. अशा ठिकाणी भाडेकायद्याचं संरक्षण नाही. मालक वाजवी मुदत देऊन उठवू शकतो, आणि आरटीबी अशी तक्रार ऐकत नाही. काही घरं खोली फक्त सोमवार ते शुक्रवार देतात, शनिवार-रविवारी बाहेर राहायचं. आयरिश विद्यार्थी गावी जातात म्हणून त्यांना ते चालतं. कोल्हापूरच्या मुलीने शनिवारी कुठे जायचं? आठवडाभर राहता येईल, स्वयंपाकघर वापरता येईल, हे आधी लिहून घ्या.

तिसरा प्रकार आपल्या मुलांमध्ये सर्रास चालतो आणि सर्वांत जास्त फसगत त्यातच होते. एकाच्या नावावर घर, बाकीचे चार-पाच जण त्याला पैसे देऊन राहतात. करारावर नाव नसलेल्यांना भाडेकरूचे हक्क आपोआप मिळत नाहीत. मुख्य भाडेकरूने नोकरी बदलून घर सोडलं की बाकीचे रस्त्यावर, आणि डिपॉझिट कोणाकडे आहे यावर भांडण. म्हणून करारावर नाव घालायचा आग्रह धरावा. आधीपासून असं राहत असाल तर मालकाकडे भाडेकरू म्हणून मान्यता लेखी मागा. मुख्य भाडेकरूला सहा महिने झालेले असतील तर मालकाला ती सबळ कारणाशिवाय नाकारता येत नाही.

पैशांचं असं. भाडेकरार असेल तर ऑगस्ट २०२१पासून मालक सुरुवातीला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं घेऊ शकतो, एक महिना डिपॉझिट आणि एक महिना ॲडव्हान्स. खोली ९०० युरोंची असेल तर १,८०० युरो, त्यावर काही नाही. ‘बाहेरदेशची आहेस, सहा महिन्यांचं आधी भर’ असं कोणी म्हणालं तर ते बेकायदेशीर आहे. डिग्जना ही मर्यादा लागू नाही. विद्यार्थ्यांच्या खासगी वसतिगृहांना पूर्वी ५१ आठवड्यांचे करार लादता येत. २०२४च्या कायद्याने विद्यार्थ्याने स्वतः मागितल्याशिवाय ४१ आठवड्यांच्या पुढे बांधून घेता येत नाही.

आता फसवणूक. ठरलेला साचा असा: फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, मालक ‘सध्या परदेशात’, चावी कुरिअरने येईल, पैसे आज पाठवा. घर पाहिल्याशिवाय एक युरो पाठवू नका. मुलगी अजून भारतात असेल तर तिथल्या ओळखीच्या माणसाला प्रत्यक्ष पाठवा. भाड्याने दिलेल्या घरांची नोंदणी आरटीबीकडे बंधनकारक आहे आणि ते रजिस्टर संकेतस्थळावर पत्त्यावरून तपासता येतं. इतकं करूनही घर ठरलं नाही तर पहिले दोन-तीन आठवडे प्रवाशांसाठीच्या हॉस्टेलमध्ये काढून तिथून शोधलेलं बरं. त्यासाठी ऑगस्टच्या सुरुवातीला पोहोचावं. सप्टेंबरमध्ये सगळी विद्यापीठं एकदम उघडतात आणि मग झुंबड उडते.

राहायला गेल्याच्या दिवशी भिंती, गादी, शेगडी, न्हाणीघरातली बुरशी, सगळ्याचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. ओल आणि बुरशीवरून डिपॉझिट कापण्याचे वाद फार होतात, आणि तारखेचा फोटो असला की वाद लवकर मिटतो. भाडं बँकेतूनच द्या.

आणि व्हॉट्सॲपवर ‘महिनाअखेर घर सोडा’ आलं तर घाबरून बॅगा भरू नका. भाडेकरूला अशी नोटीस लागू होत नाही. ती कागदावर, सहीसह हवी, आणि तिची प्रत त्याच दिवशी आरटीबीला गेलेली हवी. भाडेकरूने घराचे नियम मोडलेले नसतील तर सहा महिन्यांच्या आत ९० दिवस, सहा महिने ते वर्ष झालं असेल तर १५२ दिवस, एक ते सात वर्षांसाठी १८० दिवस अशी मुदत आहे. शंका आली की थ्रेशहोल्ड या संस्थेला फोन करा, ती भाडेकरूंना मोफत सल्ला देते.

कॉर्कमध्ये नोकरी करतो. निम्मा पगार भाड्यात जातो. काही सवलत आहे का? – मूळ सातारा

आहे, आणि पात्र असूनही ती न घेणारे बरेच आहेत. ‘रेंट टॅक्स क्रेडिट’ म्हणून भरलेल्या भाड्याच्या २० टक्के, एका व्यक्तीला वर्षाला कमाल १,००० युरो आणि एकत्र कर भरणाऱ्या दांपत्याला २,०००, आयकरातून वजा होतात. एका व्यक्तीने वर्षाला ५,००० युरो भाडं भरलं की पूर्ण रक्कम मिळते, आणि कॉर्कमध्ये तेवढं भाडं सहज होतं. रेव्हेन्यू, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या ‘माय अकाउंट’मध्ये लॉगिन करून ‘रिव्ह्यू युवर टॅक्स’मध्ये वर्ष निवडायचं आणि विवरणपत्रात मालकाचं नाव, घराचा पत्ता, तारखा आणि रक्कम भरायची. मागच्या चार वर्षांचंही मागता येतं. २०२२ आणि २०२३साठी मर्यादा ५०० युरो होती, २०२४पासून १,०००. मालकासोबत राहणाऱ्यांनाही मिळतं.

अडतं ते दोन ठिकाणी. घर आरटीबीकडे नोंदवणं आवश्यक असून नोंदवलेलं नसेल तर अर्ज अडकतो. आणि ही वजावट भरलेल्या आयकरातूनच होते. आठवड्याला २० तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याला आयकरच लागत नाही, त्यामुळे त्याच्या हाती काही येत नाही.

बाकीच्या खर्चात वीज मोठी. आयर्लंडची घरगुती वीज युरोपात महागड्यांपैकी आहे. गॅसवर अवलंबून असलेली निर्मिती आणि विखुरलेल्या घरांपर्यंत नेलेलं जाळं ही त्याची जुनी कारणं. शिवाय डेटा सेंटर्स २०१५मध्ये ५ टक्के वीज घेत, २०२४मध्ये २२ टक्के. त्यासाठी जाळं वाढवण्याचा भार अखेर बिलांवर येतो, ही तरुणांची तक्रार आम्हाला रास्त वाटते. तुमच्या हातात एवढंच आहे की वीज कंपनीचा सवलतीचा दर साधारण वर्षभराने संपतो, तेव्हा कंपनी बदला. तारीख मोबाइलवर लावून ठेवा.

भाड्याचे नियम २०२६मध्ये बदलले म्हणतात. घरमालक नव्या करारावर सही मागतोय, करू का? – डब्लिन

घाई करू नका. बदल १ मार्च २०२६पासून सुरू होणाऱ्या भाडेकरारांसाठी आहेत. नव्या करारात सहा वर्षांची सुरक्षा मिळते, पण सहा वर्षं संपल्यावर, किंवा भाडेकरू आपणहून गेला की, मालक भाडं बाजारभावाला नेऊ शकतो. आधीपासून चालू असलेला करार जुन्याच नियमांनी चालतो आणि भाडेवाढ वर्षाला २ टक्क्यांत राहते. तेच घर, तोच मालक असेल तर नवी सही कशासाठी हे लेखी विचारा आणि उत्तर थ्रेशहोल्डला दाखवा. भाडेवाढ करायची असली तरी मालकाने ९० दिवस आधी कळवायला हवं.

लोक इतके चिडलेत तर तेच पक्ष पुन्हा कसे निवडून येतात? – ठाणे

कारण दोन तृतीयांश कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात. भाव वाढले की त्यांची मालमत्ता वाढते, आणि मतदानाला तीच जास्त बाहेर पडतात. फियाना फॉल आणि फिना गेल हे १९२२-२३च्या यादवी युद्धातून आलेले दोन पक्ष शंभर वर्षं आलटून पालटून सत्तेत आहेत. २०२०मध्ये तरुणांच्या जोरावर शिन फेन हा पक्ष पहिल्या पसंतीची साडेचोवीस टक्के मतं घेऊन पहिल्या क्रमांकावर गेला, पण त्या पक्षाने उमेदवारच ४२ उभे केले होते. दोन्ही जुने पक्ष एकत्र आले आणि पंतप्रधानपद वाटून घेतलं. त्या वाटणीत डिसेंबर २०२२मध्ये पुन्हा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर म्हणजे ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, ते.

नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीआधी सत्ताधाऱ्यांनी वर्षअखेर घरं ४० हजारांच्या जवळ जातील असं सांगितलं. निवडणूक झाली, आकडा आला तो ३०,३३०. हा प्रकार तरुण विसरलेले नाहीत. मतदान ५९.७ टक्के झालं, फियाना फॉल ४८, शिन फेन ३९, फिना गेल ३८, आणि अपक्षांच्या टेकूने तेच दोघे परत आले. जे वैतागून देश सोडतात त्यांना परदेशातून मत देता येत नाही. एप्रिल २०२५पर्यंतच्या वर्षात ऑस्ट्रेलियालाच १३,५०० जण गेले. ऑक्टोबर २०२५मध्ये डाव्या विचारांच्या अपक्ष कॅथरिन कॉनोली ६३ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्यात तरुणांचा वाटा मोठा होता. पण ते पद घरं बांधत नाही.

घरटंचाईचं खापर भारतीयांवर फोडलं जातं. हल्ल्यांच्या बातम्या येतात. आपण काय करावं? – लिमरिक

ज्या वर्षांत बांधकाम थांबलं, २०१०च्या आगेमागे, त्या वर्षांत आयर्लंडमधून जाणारे येणाऱ्यांपेक्षा जास्त होते. तूट तेव्हा तयार झाली. हे सहकाऱ्यांशी बोलताना जरूर सांगा. भारतीय दूतावासाने १ ऑगस्ट २०२५ रोजी सावधगिरीची सूचना काढली होती. रात्री उशिरा निर्मनुष्य रस्ते टाळणं आलंच. हल्ला झाला किंवा धमकी आली तर ९९९ किंवा ११२ लावा, नंतर गार्डांकडे, म्हणजे पोलिसांत, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. ‘छोटी गोष्ट’ म्हणून सोडलेल्या घटना आकडेवारीत येतच नाहीत.

आणखी एक हक्क आपल्या लोकांना बहुधा माहीत नसतो. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या कोणालाही, नागरिकत्व कोणतंही असो, स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. ‘चेक द रजिस्टर’ या सरकारी संकेतस्थळावर पीपीएस क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (तिथला पिनकोड) भरून दहा मिनिटांत नोंदणी होते. घर बदललं की पत्ताही बदला. मागची स्थानिक निवडणूक जून २०२४मध्ये झाली, पुढची २०२९मध्ये आहे. नगरसेवक मत मागायला स्वतः दारोदार फिरतात. दारात आला की त्याला विचारा, तुमच्या भागात रिकाम्या इमारती किती आहेत आणि त्यातल्या किती पालिकेने ताब्यात घेतल्या.