सहाणेवर घासलेली हाडाची सुई

कराडहून एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

‘मुलगी नववीत आहे. मे महिन्यात मावसभावाने तिला इंग्रजी गोष्टींची एक मालिका दिली. अश्मयुगातला मुलगा, त्याचा लांडगा, जंगल, दुष्ट मांत्रिक असं काहीतरी आहे. नऊच्या नऊ पुस्तकं वाचून झाली, आता तिसऱ्यांदा चालू आहेत. मागच्या रविवारी मटणाची नळी धुऊन तिने माझ्या सासूबाईंच्या देवाच्या सहाणेवर घासली. सुई करायची होती म्हणे! घरात केवढा गहजब झाला. सासूबाईंनाच आता विचारते, “आज्जी, आपलं देवक काय गं?” सहामाहीत विज्ञानात बासष्ट मार्क आहेत. हिच्या बाबांना तिला आत्ताच जेईईच्या फाउंडेशन बॅचला घालायचंय. मुलगी म्हणते, मला आदिमानवांचंच काहीतरी करायचंय. असं करिअर असतं का? की पुस्तकं काढून घेऊ? चौदा वर्षांच्या मुलीने लहान मुलांची पुस्तकं वाचत बसावं का?’

नमस्कार ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. वाचू द्या. मिशेल पेव्हर यांची ही मालिका मीही वाचली आहे, आणि तेव्हा माझं वय चौदाच्या चौपट होतं. ‘वुल्फ ब्रदर’ हे पहिलं पुस्तक 2004 साली आलं. 2009 पर्यंत सहा झाली आणि त्यातल्या सहाव्याला ‘गार्डियन’चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मग बऱ्याच वर्षांनी, 2020 ते 2022 मध्ये, आणखी तीन आली. बारा वर्षांच्या टोराकचा बाप एका झपाटलेल्या अस्वलाच्या तावडीत सापडून मरतो आणि पोर एकटं पडतं. त्याला लांडग्याचं एक अनाथ पिल्लू भेटतं, पुढे रेन नावाची धनुष्यबाण चालवणारी मुलगी भेटते. काळ सहा हजार वर्षांपूर्वीचा, जागा उत्तर युरोपातलं जंगल. तिथे अजून शेती पोचलेली नाही, धातू नाही, चाक नाही, लिपी नाही. मांत्रिक आणि झपाटलेली अस्वलं अर्थातच कल्पनेतली. पण माणसं काय खातात, कातडं कसं कमावतात, भूर्जाच्या सालीचं काय काय करतात, हे लेखिकेने अभ्यासून लिहिलंय. त्यासाठी त्या उत्तरेकडच्या जंगलांत फिरल्या, रेनडिअरच्या कातड्यावर झोपल्या, खऱ्या लांडग्यांच्या सहवासात राहिल्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पण त्याआधी माझी एक चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला होता. हेरकथांचा फडशा पाडायचा. मी मोठ्या उत्साहाने त्याला न्यायवैद्यक शास्त्राची वाट दाखवली. दुसऱ्या वर्षी त्याने ते सोडलं. त्याला रक्ताच्या डागांत काडीचा रस नव्हता. त्याला कोडं आवडायचं, आणि गोष्ट शेवटपर्यंत लपवून ठेवणाऱ्या लेखकाची लबाडी आवडायची. पुस्तकाचा विषय बघून मी करिअर ठरवलं होतं. तेव्हापासून मी पुस्तकाचं नाव विचारते, पण त्यापेक्षा जास्त विचारते ते पुस्तक मिटल्यावर मूल काय करतं ते.

तुमच्या पत्रात याचं उत्तर दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय.

पहिलं म्हणजे ती सुई. पुस्तक वाचून पोरं धनुष्यबाण करतात, अंगणात तंबू ठोकतात, हे मी खूप पाहिलंय. हाडाची सुई करायला बसणारी मुलगी पहिल्यांदाच ऐकली. सुई हे काही शौर्याचं हत्यार नाही. ते घरकामाचं, किचकट, चिकाटीचं काम आहे. हाड फोडून त्याची लांब चीप काढायची, घासायची, आणि शेवटी नेढ्याला भोक पाडताना ती मोडली की पुन्हा पहिल्यापासून. तिला विचारा, भोक कशाने पाडलंस? तापवलेल्या दाभणाने पाडलं असेल तर पुढचा प्रश्न टाका, की टोराककडे लोखंडाचं दाभण कुठून आलं? या एका प्रश्नावर तिचे दोन महिने जातील. पुरातत्त्वात ‘प्रायोगिक पुरातत्त्व’ नावाची एक शाखाच आहे. जुनी वस्तू जुन्याच साधनांनी पुन्हा करून बघायची, करताना तिच्यावर कोणत्या खुणा उमटतात ते पाहायचं, आणि त्या उत्खननात मिळालेल्या वस्तूवरच्या खुणांशी ताडायच्या. तुमच्या लेकीने सहाणेवर याचीच सुरुवात केली आहे, फक्त सहाण चुकीची निवडली.

दगडाकडे ती वळलीच तर कराडात कृष्णा-कोयनेच्या पात्रात गारगोट्यांना तोटा नाही. आपल्याकडच्या ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या, लोकांनी तसल्याच दगडाची बारीक पाती काढलेली आहेत. मात्र दगड फोडायचा असेल तर डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे आणि शेजारी मोठं माणूस, हे तीन हवेतच. त्या चिपा काचेसारख्या उडतात. आणि कुठे खरोखरच जुनं हत्यार किंवा खापर पडलेलं दिसलं तर उचलून घरी आणायचं नाही. फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची, वस्तू तिथेच सोडायची. वस्तू जागेवरून हलली की तिची निम्मी माहिती गेली. ही सवय आत्ताच लागली तर पुढे ती पुरातत्त्वात गेली काय नि न गेली काय, बरंच आहे.

दुसरं उत्तर देवकाचं, आणि खरं सांगू? मला ते सुईपेक्षाही मोलाचं वाटतं. त्या मालिकेत माणसं कुळांत वाटलेली आहेत. कुणी कावळ्याच्या कुळातलं, कुणी लांडग्याच्या, कुणी रानडुकराच्या. वाचणारी बहुतेक मुलं ‘मी कुठल्या कुळातला असतो?’ असा खेळ खेळतात. तुमची मुलगी उठून आज्जीकडे गेली आणि तिने आपलं खरं विचारलं. कुणाचं कळंब, कुणाचं उंबर, कुणाचं मोराचं पीस, कुणाची पंचपालवी. लग्नात आपण देवक बसवतो आणि विसरून जातो. एका देवकात सोयरीक करायची नाही, असं जुनी माणसं का म्हणत, हा प्रश्न मानवशास्त्राचा आहे. आपल्याकडे इरावती कर्व्यांनी आयुष्यभर असल्याच नातेसंबंधांचा अभ्यास केला. आणि गंमत बघा, 1940च्या दशकात गुजरातेत लांघणजला शिकारी-संकलक, म्हणजे शिकार करून आणि रानातलं गोळा करून जगणाऱ्या, माणसांच्या अवशेषांचं उत्खनन झालं, तेव्हा पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांच्या जोडीला याच इरावतीबाई होत्या. म्हणजे सुई आणि देवक यांची गाठ पूर्वीही पडलेली आहे.

तेव्हा ‘आदिमानवांचंच काहीतरी’ यातलं तिला नेमकं काय हवंय हे अजून तिलाही माहीत नाही, आणि नववीत माहीत असायची गरज नाही. वस्तू हाताने करून बघण्यात ती रमते का, की माणसांच्या चालीरीतींत? की सगळा ओढा त्या लांडग्याकडेच आहे? तसं असेल तर प्रश्नच वेगळा. मग पुणे जिल्ह्यातल्या सासवड-सुप्याच्या माळांवर आजही लांडगे आहेत, आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी प्राणिशास्त्राची वाट धरलेली असते. की तिला गोष्टच लिहायची आहे? पेव्हरबाईंनी ऑक्सफर्डला जीवरसायनशास्त्र शिकून लंडनमध्ये वकिली केली. मुलगा आणि लांडग्याची गोष्ट त्यांनी विद्यार्थिदशेतच लिहायला घेतली होती, ती बाजूला राहिली ती वीसेक वर्षं. वकिली सोडल्यावर ती बाहेर निघाली.

बाबांना दाखवायला व्यवहाराचं थोडं लिहिते. पुरातत्त्वासाठी अकरावीला अमुकच शाखा हवी असं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात पदवीपासूनच हा विषय घेता येतो. त्यामुळे तिने विज्ञान घेतलं तरी हे दार बंद होत नाही. उलट हाडं ओळखायला प्राणिशास्त्र, जळके दाणे ओळखायला वनस्पतिशास्त्र, दगडमातीला भूशास्त्र लागतंच. पदव्युत्तर शिक्षणानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडातल्या संस्थेत दोन वर्षांची पदविका आहे. सर्वेक्षणाची प्रागितिहास शाखा तर आपल्या नागपुरातच आहे. शिवाय राज्याचा पुरातत्त्व विभाग, संग्रहालयं, आणि नेट देऊन प्राध्यापकी. आता कडू भाग. जागा थोड्या असतात, भरती कधी निघेल याचा नेम नसतो, बरीचशी कामं कंत्राटी असतात आणि पीएच.डी. होईपर्यंत तिशी गाठली जाते. घरात लवकर पगार येणं गरजेचं असेल तर ते तिच्यापासून लपवू नका.

मात्र जेईईची फाउंडेशन बॅच नववीत नको, हे माझं स्पष्ट मत. बासष्ट मार्क बॅचने वाढत नाहीत. तिला विज्ञानातलं काय जड जातंय ते आधी बघा. चरबीने कातडं मऊ का पडतं, भूर्जाची साल तापवली की डिंकासारखा चिकट डांबर का निघतो, हेही रसायनशास्त्रच आहे. आणि त्या डांबराची एक खरी गोष्ट तिला माझ्याकडून सांगा. डेन्मार्कमध्ये असाच एक चघळून थुंकलेला तुकडा सापडला, सुमारे 5,700 वर्षांपूर्वीचा, म्हणजे जवळजवळ टोराकच्याच काळातला. 2019 साली शास्त्रज्ञांनी त्यातून तो चघळणाऱ्या व्यक्तीचा अख्खा जनुकीय आराखडा वाचला. ती स्त्री होती. केस गडद तपकिरी, कातडी सावळी, डोळे निळे. त्यात हेझलनट आणि बदकाचेही अंश मिळाले, बहुधा तिच्या जेवणातले. एका चघळलेल्या तुकड्यातून एवढं सगळं कसं काढलं, असं तिने विचारलं तर विज्ञानाचं पुस्तक तिच्या हातात देण्याची ती वेळ.

लांडग्यासाठी दुसरी गोष्ट. स्वीडनच्या दक्षिणेला स्केटहोम इथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे. तिथे माणसांबरोबर कुत्रीही पुरलेली सापडली. एका कुत्र्याच्या पाठीशी सांबराच्या जातीच्या हरणाचं शिंग ठेवलं होतं, कमरेपाशी गारेची तीन पाती, आणि छातीवर शिंगाचा नक्षीदार हातोडा. एखाद्या शिकाऱ्याला द्यावा तसा निरोप.

दिवाळीच्या सुट्टीत एक करा. क्लासच्या फीपेक्षा ते स्वस्त पडेल. पुण्याला येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात संग्रहालय आहे, आधी फोन करून वेळ विचारा. घोड नदीकाठच्या इनामगावात 1968 पासून वर्षानुवर्षं जे उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू तिथे आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीची आपली शेतकरी माणसं लहान मुलं गेली की दोन रांजणं तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायची, आणि घराच्या जमिनीतच पुरायची. हे बघून तुमची मुलगी गप्प होते की प्रश्न विचारते, की अर्ध्या तासात कंटाळते, ते फक्त पाहा. कंटाळली तर रागावू नका, तीही माहितीच आहे. जमलं तर घाट उतरून रत्नागिरीकडच्या सड्यांवरची कातळशिल्पंही दाखवा. कशेळीचा प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटातले लहान लहान प्राणी जमिनीवर उभं राहून नीट दिसत नाहीत, चालत चालत जुळवावे लागतात.

एक नक्की सांगते, खरं उत्खनन त्या पुस्तकासारखं अजिबात नसतं. मी एकदा दोन दिवस एका ठिकाणी जाऊन बसले होते. उन्हात थापीने इंच इंच माती खरवडायची, ती चाळायची, पाण्यात कालवून वर तरंगणारे काळे दाणे गोळा करायचे, आणि संध्याकाळी कंदिलाएवढ्या उजेडात हाडांच्या तुकड्यांवर नंबर घालत बसायचं. तिसऱ्या दिवशी मी पळ काढला. पण तिथे एक मुलगी होती, बोटभर चिपेवरचे ओरखडे भिंगातून बघताना तिला जेवायची शुद्ध नव्हती. तुमच्या लेकीने सुईसाठी रविवार घालवला हे वाचताना मला तीच आठवली.

सहाणेचं म्हणाल तर सासूबाईंना नवी आणून द्या, बाजारात मिळते. जुनी आता देवाला चालणार नाही, ती लेकीला देऊन टाका. आणि सासूबाईंचा राग उतरला की दोघींना एका वहीवर बसवा. देवक कुठलं, माहेरचं कुठलं, कुणाच्या लग्नात काय आणलं होतं, हे आज्जीने सांगायचं आणि नातीने लिहायचं. ती वही भरली की मला पुन्हा पत्र पाठवा. पुढचं आपण त्यावरून बोलू.