वडिलांशी वाद घालण्याआधी

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मतदानाच्या आदल्या रात्री बाबांशी वाजलं, "हे असलं आपल्या घरात कुणी बोलत नाही" असं ते म्हणाले आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. आता विचारतेस, घरच्यांविरुद्ध मत ठेवणं हा कृतघ्नपणा आहे का? मुळीच नाही. पण तुझा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: माझं मत खरंच माझं आहे का?

यावर अमेरिकेत फार चिकाटीनं काम झालंय. जेनिंग्ज आणि नीमी या दोन अभ्यासकांनी १९६५ साली शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्या वेगवेगळ्या मुलाखती घेतल्या. मग त्याच मुलांना १९७३, १९८२ आणि १९९७ मध्ये पुन्हा गाठलं. घरातला पक्ष मुलांमध्ये बऱ्यापैकी उतरला होता, पण एकेका प्रश्नावरची मतं त्या मानानं फारच कमी जुळत होती. ज्या घरांत राजकारणावर सतत बोलणं व्हायचं तिथे वारसा जास्त पक्का होता. पुढे दिनास नावाच्या अभ्यासकानं याची दुसरी बाजू दाखवली: अशाच घरांतली मुलं बाहेर पडल्यावर स्वतः राजकारणात रस घेतात आणि आईवडिलांचा पक्ष सोडण्याची शक्यताही त्यांच्यातच जास्त असते. तुमच्या घरी पेपर आला की पहिल्या पानावरून चर्चा सुरू व्हायची, हे मी शेजारी राहून ऐकलंय. त्यामुळे तू बाबांशी भांडलीस याचं मला नवल वाटलं नाही. वाद घालायला त्यांनीच शिकवलं तुला.

तिथल्या दोन पक्षांचा हिशेब आपल्या जात, पेठ, गिरणी आणि मंडळांच्या गुंत्याला जसाच्या तसा लावू नकोस. तरी मला वाटतं, घरातून पक्षापेक्षाही आधी काहीतरी येतं. कुणावर विश्वास टाकायचा, कुणाला घाबरायचं, कुणासमोर उठून उभं राहायचं, कुणाला उंबऱ्याबाहेरूनच पाणी द्यायचं. हे कुणी तोंडानं शिकवत नाही. मूल बघतं आणि उचलतं.

तुझ्याच घरात बघ. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली ती मालकांमुळे, पैसा काढून घेतला आणि यंत्रं जुनीच ठेवली, असं ते शेवटपर्यंत सांगत. बाबा तेव्हा शाळेत होते. पगार थांबलेला, किराणा उधारीवर, आणि गल्लीत रोज नवी सभा. त्यांच्या मनात बसलं ते असं की पुढाऱ्यांनी संप लांबवला आणि पोरांचं शिक्षण बुडालं. एकाच घरातली, एकाच घटनेची ही दोन राजकारणं. आणि तिसरी आजीची. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू; बोलता बोलता तिची बिडी वळून, दोऱ्यानं बांधून व्हायची. कारखान्यात दिल्यावर त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला टाकायचे आणि त्यांची मजुरी कापायचे. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्यात नापास बिड्यांच्या मजुरीवरच्या तंट्याचीसुद्धा तरतूद आहे. आजीनं तो कायदा वाचलेला नाही. पण मोर्चात गेलं की छाट कमी होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे २००६ साली सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली, त्यात तिला घर मिळालं. ती लाल बावट्याला मत देते ते कुठलं पुस्तक वाचून नाही.

म्हणून बाबांना "तुम्ही कामगारविरोधी आहात" असं म्हणू नकोस. "गिरणी बंद झाली तेव्हा घरात काय चाललं होतं?" असं विचार, आणि मध्ये न बोलता ऐक. ऐकून तुझं मत बदललंच पाहिजे असं नाही. पण ते कशाला घाबरतात ते तुला कळेल, आणि त्यानंतरचं बोलणं वेगळं होईल.

घर काय गाळतं तेही तपास. नागरिकशास्त्र शिकवताना मी वर्गात विचारायचो, आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांची नावं सांगा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात आपल्या सोलापुरावर मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला या चौघांना एकत्र फाशी झाली. पण मुलं बहुधा एकच नाव आधी घ्यायची, आणि कुठलं ते बरेचदा घरावर ठरायचं. काहींना चौथं नाव आठवायचंच नाही. याचं मला फार वाईट वाटायचं, अजूनही वाटतं. तुला आधी कुठलं नाव सुचतं, आणि का, हे स्वतःला विचार.

तुझ्या हॉस्टेललाही हीच कसोटी लाव. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या बेनिंग्टन नावाच्या कॉलेजात सुखवस्तू, सनातनी वळणाच्या घरांतल्या मुली शिकायला आल्या आणि प्राध्यापक-मैत्रिणींच्या सहवासात त्यांचे विचार पार बदलले. त्यांचा अभ्यास करणाऱ्या न्यूकम यांनी पंचवीसेक वर्षांनी पुन्हा पाहिलं, तर बहुतेकींचे ते नवे विचार टिकून होते. म्हणजे सोबतही घराइतकीच घडवते. पुण्यात तुझ्या खोलीतल्या सगळ्याजणी एकाच बाजूनं बोलत असतील, तर तिथलं मतही "आपल्यात असं कुणी बोलत नाही" याच धाकानं आलेलं असू शकतं. तिथे वेगळं बोलून बघ. ताट सोडून कोण उठतं ते कळेल.

मत कुणाला दिलंस हे बाबांनी विचारलं तर सांगायची सक्ती नाही. गुप्त मतदान घरच्यांपासूनही गुप्त ठेवता येतं. आईलाही हे एकदा सांग. तिला आजवर कुणी विचारलंच नाही, तिचं मत घरातलं म्हणूनच मोजलं गेलं.

आणि मतदारयादीचं म्हणालीस, तर नाव पुण्याला न्यायचं असल्यास फॉर्म ८ भरावा लागतो. घाई करू नकोस. चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्यासाठी आई ज्या नगरसेवकाकडे खेटे घालते, त्याला निवडण्यात तुझा वाटा हवा की नको, एवढं आधी ठरव. फॉर्म भरायला मी मदत करीन.

तुझे सर